लांब पल्ल्यासाठी रेंजफाइंडर आणि वाऱ्याचा मीटर: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात शिकारीला बंदी आहे. मग ही माहिती कोणासाठी?

बंदी आहेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्राणी मारणे तर सोडाच, मारण्याचा प्रयत्न, फास लावणे, हाकारा घालणे हेसुद्धा शिकारीतच मोडते. खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य असो की पलीकडे चंदगडचे रान, बंदूक घेऊन आत शिरलेल्याला कुठलेही महागडे उपकरण वाचवत नाही. रानडुकरांनी भात लोळवला, ऊस मोडला तरी लेखी परवानगी वनखात्याचीच लागते. ती हातात नसेल तर बार टाकायचा नाही.

तरी विचारणारे बरेच असतात. दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियात रीतसर परवान्याने शिकारीला जाणारे असतात, रेंजवर कागदाच्या निशाण्यावर सराव करणारे असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने गावोगाव निवृत्त जवान आहेत आणि त्यांना पल्ला, वारा, मिल (कोनाचे माप) ही भाषा नवी नाही. पुढची उत्तरे या सगळ्यांना धरून दिली आहेत. उदाहरणे इथल्या माळावरची असली तरी ती सरावाची आणि मोजमापाची आहेत.

पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. आधी काय घ्यावे?

रेंजफाइंडर (लेसरने अंतर मोजणारे यंत्र). पण साधा. उरलेले पैसे वाऱ्याच्या मीटरसाठी राखून ठेवा. बहुतेक जण याच्या उलट करतात: सगळी रक्कम तीन-चार किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रात घालतात आणि वारा गालावर जाणवेल तसा धरतात.

हिशोब बघा. .३०८ कॅलिबरच्या रायफलची १७५ ग्रेन वजनाची गोळी, नळीतून निघताना वेग साधारण ७९० मीटर प्रति सेकंद. ६०० मीटरवर अंतर मोजण्यात १० मीटरची चूक झाली तर गोळी ढोबळमानाने १० सेंटिमीटर वर किंवा खाली लागेल. हल्लीचा बरा रेंजफाइंडर नीट परतावा (म्हणजे निशाण्यावरून परत आलेला प्रकाश) मिळाला तर एक-दोन मीटरच्या आत आकडा देतो, म्हणजे अंतराची चूक जवळजवळ मिटली. आता वारा. त्याच गोळीला १ मीटर प्रति सेकंद आडवा वारा ३०० मीटरवर सुमारे ५ सेंटिमीटर ढकलतो, ४०० वर ९ आणि ६०० वर २०. पल्ला दुप्पट झाला की सरक चौपट होते. आणि १ मीटर प्रति सेकंद म्हणजे किती? धूर जेमतेम तिरका होतो, पान हलत नाही. तेवढी चूक डोळ्याने अंदाज करणाऱ्याकडून हमखास होते.

डब्यावर १८०० मीटर लिहिले आहे, पण माळावर ७०० च्या पुढे आकडाच येत नाही. यंत्र खराब आहे का?

बहुधा नाही. तो मोठा आकडा चकाकत्या फलकावरचा असतो, म्हणजे रस्त्यावरच्या परावर्तक पाटीसारख्या पृष्ठभागावरचा. माहितीपत्रकाच्या आतल्या पानावर झाडासाठी आणि हरणासाठी वेगळे आकडे दिलेले असतात, तेच खरे मानायचे. ते दिले नसतील तर झाडासाठी डब्यावरच्या आकड्याच्या साठ टक्के आणि केसाळ अंगासाठी चाळीस टक्के धरा.

यंत्र लेसरचा ठोका सोडते आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. १ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम ६.७ नॅनोसेकंद. परत येणारा प्रकाश भर दुपारच्या उन्हात हरवतो, म्हणून तेच यंत्र एप्रिलमध्ये दुपारी बाराला ७०० वर थकते आणि सांजवेळी ९०० सहज दाखवते. पांढरी भिंत लांबून सापडते, चिखलात लोळलेली म्हैस जवळूनही दगा देते. दुकानात तपासताना समोरच्या पांढऱ्या इमारतीवर आकडा आला म्हणून खूश होऊ नका, काळपट आणि तिरक्या पृष्ठभागावर धरून बघा.

किरणाची रुंदी का बघायची? विक्रेता तर फक्त पल्ला सांगतो.

कारण चुकीचे आकडे येतात ते बहुतेक इथूनच. किरण सुईसारखा बारीक नसतो, पसरत जातो. पसारा मिलिरेडियनमध्ये देतात. १ मिलिरेडियन म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, १००० मीटरवर १ मीटर. २ मिलिरेडियनचा किरण ६०० मीटरवर १ मीटर २० सेंटिमीटर रुंद झालेला असतो आणि हरणाच्या धडाची उंची त्याच्या निम्मीही नसते. उरलेला प्रकाश पुढच्या गवतावर किंवा मागच्या टेकाडावर पडतो आणि यंत्र त्यातलाच एक परतावा उचलते. स्वस्त यंत्रांत किरण चौकोनी पट्टीसारखा असतो, एका दिशेने जास्त पसरट. पट्टी आडवी आहे की उभी हे पत्रकात बघून ठेवा.

दुसरी भानगड अशी की दुर्बिणीतली खूण आणि किरण एकाच जागी असतीलच असे नाही. हे घरी तपासता येते. माळावरचा एकटा विजेचा खांब निवडा, दोन-तीनशे मीटरवरचा, मागे मोकळे आकाश असलेला. यंत्र तिकाटण्यावर बसवा, सलग मोजणी चालू करा आणि खूण डावीकडून सावकाश खांबाकडे सरकवत न्या. आकडा उमटतो त्या क्षणी थांबून खूण खांबापासून किती लांब आहे ते लक्षात ठेवा. मग तसेच उजवीकडून. डावीकडून आकडा लवकर उमटला आणि उजवीकडून खूण खांबाला टेकेपर्यंत उमटला नाही, तर किरण खुणेच्या उजवीकडे सरकलेला आहे. वर-खालीची तपासणी पाण्याच्या टाकीच्या सपाट माथ्यावर होते. सापडलेली सरक यंत्राच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहून टाका.

आकडा बरोबर आहे की नाही याची खात्री कशी करायची?

१०० मीटर टेपने मोजा, टोकाला पुठ्ठा उभा करा, पाच वेळा बटण दाबा. सगळे आकडे एका मीटरच्या आत यायला हवेत. लांबच्यासाठी उपग्रह नकाशावर दोन ठळक जागांमधले अंतर काढा. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून खालची देवळांची शिखरे आणि टाक्या स्वच्छ दिसतात, तिथे एका फेरीत पाच-सहा अंतरे पडताळून होतात. मात्र गड वर आहे, त्यामुळे यंत्र तिरके अंतर दाखवेल आणि नकाशा सपाट, तेवढा फरक धरा.

सेटिंगमध्ये यार्ड आहे की मीटर हे सगळ्यात आधी बघा. ५०० यार्ड म्हणजे ४५७ मीटर. या एका गफलतीत ४३ मीटर जातात आणि ती नव्या यंत्रावर सर्रास होते, कारण कारखान्यातून बरीचशी यंत्रे यार्डावरच येतात.

गोल्फचा रेंजफाइंडर स्वस्तात मिळतोय. चालेल का?

सपाट माळावर, ३०० मीटरपर्यंत, चालेल. चढ-उतार आला की उताराची सोय बंद करून वापरा, नाहीतर घात होईल.

रायफलच्या बाबतीत निशाणा वर असो की खाली, गुरुत्व काम करते ते आडव्या अंतरावरच. ३० अंशांच्या कोनात ४०० मीटर तिरके अंतर असेल तर त्याला ०.८६६ ने गुणायचे: ३४६ मीटर. ४०० चा हिशोब धरला तर गोळी सुमारे पाव मीटर वर जाईल. गोल्फचे यंत्र मात्र चढाला अंतर वाढवून सांगते, कारण चेंडू वर मारताना जोर जास्त लागतो. म्हणजे चढावर दुरुस्ती नेमकी उलट्या दिशेला. १० अंशांपर्यंत फरक दीड टक्का, तो सोडून दिला तरी चालतो. २० अंशांना ०.९४ धरा.

शिवाय गोल्फची यंत्रे सगळ्यात जवळचा परतावा उचलतात, झेंड्याची काठी सापडावी म्हणून. शेतात याचा अर्थ पुढचे गवत. शिकारीच्या यंत्रात ‘दूरचा परतावा’ निवडता येतो. आपल्याकडे बांधावर झुडपे आणि पुढे तुरा आलेला ऊस असतो, तिथे ही सोय नसेल तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

चोर्ला, कणकुंबी, आंबोलीकडे धुके असते. तिथे उपयोग होतो का?

दाट धुक्यात नाही. पाण्याचे कण किरण परतवतात आणि यंत्र ३०-४० मीटर असा काहीतरी आकडा फेकते. विरळ धुक्यात किंवा रिमझिम पावसात ‘दूरचा परतावा’ किंवा ‘पाऊस’ ही सोय लावून निम्म्या पल्ल्यापर्यंत काम भागते.

वाऱ्याचा मीटर कोणत्या प्रकारचा घ्यावा?

खिशात मावणारा, पात्याच्या चक्राचा. वाट्यांचा मीटर कुठल्याही दिशेचा वारा घेतो, पण तो मोठा असतो आणि वाऱ्याची दिशा सांगत नाही. तापत्या तारेचा मीटर कारखान्यातल्या नळ्यांसाठी ठीक, धुळीत टिकत नाही. ध्वनिलहरींचा चांगला असतो, पण किमतीच्या मानाने हातात धरून कामाला फारसा फायदा नाही.

चक्राच्या मीटरमध्ये तीन गोष्टी बघा. एक, चक्र किती वाऱ्याला फिरू लागते. केस्ट्रेलसारख्या मीटरचे चक्र ०.६ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास हलते, स्वस्त मीटर त्याहून बऱ्याच जोराच्या वाऱ्यालाही गप्प बसतात. दोन, चक्र घरी बदलता येते का. धूळ, केस, कोळ्याचा तंतू आसावर गुंडाळला की मीटर कमी वारा दाखवू लागतो, आणि कमी दाखवतोय हे कळत नाही. म्हणून चक्र अंगठ्याने दाबून निघणारे आणि सुटे मिळणारे हवे. तीन, सरासरी आणि कमाल वेग दाखवतो का. केवळ या क्षणाचा आकडा दाखवणारा मीटर नाचत राहतो, त्यातून काही हाती लागत नाही.

मीटर धरायचा कसा?

गाडी, झाड, बांध यापासून दूर उभे राहा. गाडीच्या बाजूला वारा वळतो आणि त्याचा वेग वाढतो, म्हणूनच चालत्या गाडीच्या खिडकीतून मीटर तपासण्याची युक्तीही फसवी आहे. वाऱ्याकडे तोंड करायचे आणि हात बाजूला पूर्ण ताणून मीटर डोक्याच्या उंचीवर धरायचा, म्हणजे अंगाचा आडोसा होत नाही. चक्राचे तोंड वाऱ्याला सरळ असू द्या, १०-१५ अंश इकडे-तिकडे झाले तर बिघडत नाही. किमान अर्धा मिनिट सरासरी घ्या. मग सरासरी आणि कमाल, दोन्ही लिहा.

दिशेसाठी मीटरपेक्षा शेवरीच्या कापसाची चिमूट बरी. सोडली की वारा कुठे निघाला ते पन्नास पावलांपर्यंत दिसते.

वारा तिरका असेल तर निम्मा धरायचा ना?

इथेच बरेच जण चुकतात. घड्याळ कल्पा, निशाणा १२ वर. ३ आणि ९ कडून येणारा वारा पूर्ण. १, ५, ७, ११ कडून येणारा निम्मा. २, ४, ८, १० कडून आला तर ८७ टक्के, म्हणजे जवळजवळ पूर्णच. बरोबर कोपऱ्यातून, ४५ अंशांतून आला तर ७० टक्के, निम्मा नव्हे. समोरून किंवा पाठीमागून आला तर आडवी सरक शून्य. पण तो वारा थोडा जरी डोलला तरी सरक डावी-उजवी उड्या मारते. म्हणून समोरचा वारा सोपा समजू नये.

मीटर माझ्या हातातला वारा सांगतो. पाचशे मीटर पुढचा कसा कळणार?

मीटरने नाही कळणार. मीटरचा उपयोग डोळा तयार करण्यासाठी. हातात आकडा आला की तेवढ्या वाऱ्यात गवत, पाने, धूर कसे वागतात ते बघायचे आणि पुढे दुर्बिणीतून तेच शोधायचे.

वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापाच्या खालच्या पायऱ्या इथे कामाच्या आहेत. ०.३ ते १.५ मीटर प्रति सेकंदाला धूर तिरका होतो, बाकी काही हलत नाही. १.६ ते ३.३ ला वारा तोंडाला जाणवतो, पाने सळसळतात. ३.४ ते ५.४ ला पाने आणि बारीक डहाळ्या थांबत नाहीत. ५.५ ते ७.९ ला धूळ आणि कागद उडतात. ८ च्या पुढे लहान झाडे डोलतात. चिकोडी-निपाणीकडे हंगामात गुऱ्हाळाचा धूर मैलभरावरून दिसतो, त्याच्याइतका प्रामाणिक मीटर नाही. मात्र धूर चिमणीच्या उंचीवरचा वारा सांगतो आणि जमिनीलगतचा त्याहून नेहमी मंद असतो.

उभ्या उसाच्या फडामागे वारा मेलेला असतो आणि फड संपला की एकदम झोत येतो. तुम्ही आडोशाला असाल तर मीटर ० दाखवेल आणि गोळी पुढचे ४०० मीटर वाऱ्यातून जाईल. दोन ठिकाणचे वारे वेगळे दिसले तर तुमच्या जवळच्याला जास्त वजन द्या, कारण सुरुवातीला मिळालेला तिरकेपणा पुढे सगळ्या अंतरभर वाढत जातो. फक्त तुम्ही स्वतः आडोशाला असाल तेव्हा हा नियम सोडून द्या.

मोबाइलवर बेळगावचा हवेचा दाब १०१० दिसतो, वाऱ्याच्या मीटरवर ९२५. कोणता खरा?

गोळी कुठे लागेल याच्या गणितासाठी मीटरचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथला प्रत्यक्ष दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या जवळपास असतो. हवामानाचे ॲप तो आकडा समुद्रसपाटीवर आणून सांगते, म्हणजे गावागावांची तुलना करता येते. तो १०१० जर गोळीच्या गणितात ‘प्रत्यक्ष दाब’ म्हणून भरला तर हवा नऊ टक्के दाट धरली जाते आणि ६०० मीटरवर .३०८ ची गोळी दहा-अकरा सेंटिमीटर वर लागते. मीटरमध्ये संदर्भ-उंचीची सोय असेल तर ती ० ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष दाबच दिसेल. प्रत्यक्ष दाब भरला असेल तर उंची वेगळी भरायची नाही, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होते.

तापमान १० अंशांनी बदलले की घनता साडेतीन टक्क्यांच्या आसपास बदलते, म्हणून तेही हवे. पण खिशातून किंवा तापलेल्या गाडीतून काढलेला मीटर लगेच खरे तापमान सांगत नाही, सावलीत वाऱ्यावर काही मिनिटे ठेवा. आर्द्रतेचा परिणाम इतका थोडा की ५० टक्के भरून विसरून जा.

अंतर, वारा आणि गणित सगळे एकाच यंत्रात मिळते. ते घ्यावे का?

सोय आहे, घाईचा सौदा नको. असे यंत्र वारा स्वतः मोजत नाही, तुम्ही भरलेला किंवा जोडलेल्या मीटरचा घेते. जोड तुटली की शेवटचा जुना आकडा धरून बसते. आणि गोळीचा खरा वेग मोजून भरला नसेल तर पुढचे सगळे गणित वाळूवर. निम्म्या किमतीत वेगळा रेंजफाइंडर, वेगळा मीटर आणि बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवलेला दुरुस्त्यांचा छापील तक्ता, हे पहिल्या दोन वर्षांसाठी पुरेसे आहे. परदेशात जाणाऱ्यांनी त्या देशाचे किंवा राज्याचे नियम आधी वाचावेत, काही ठिकाणी बंदुकीवर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना मनाई असते.

ही उपकरणे असतील तर किती लांबून गोळी झाडावी?

रेंजफाइंडर ९०० मोजतो म्हणजे ९०० वर झाडावी असे नाही. मध्यम हरणाचा मर्मभाग वीस-पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून दहा-बारा. वाऱ्याचा तुमचा अंदाज १ मीटर प्रति सेकंदाने चुकतो असे धरा, सरावलेल्यांचाही चुकतो. ४०० मीटरवर ती चूक ९ सेंटिमीटर, कशीबशी आत. त्यात हाताची आणि बंदुकीची चूक मिळवली की ४०० सुद्धा जास्त. शिवाय ६०० मीटरला गोळी पोचायला जवळपास एक सेकंद लागतो आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. जखमी जनावर रानात सोडण्यापेक्षा जवळ सरकणे केव्हाही चांगले. कागदावर हवे तितके लांब मारा.

आमच्या मुलाला ५० मीटर रायफलचा सराव आहे. त्याला मीटर लागेल?

सरावात हो. ५० मीटरवर .२२ ची गोळी १ मीटर प्रति सेकंद आडव्या वाऱ्याने सहा-सात मिलिमीटर सरकते. त्या निशाण्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर, म्हणजे जवळजवळ एक गुण गेला. सामन्यात मात्र रेंजवरच्या झेंड्यांवरच भागवावे लागते, स्वतःचा वारादर्शक लावू देत नाहीत. म्हणून सरावाला मीटर हातात धरून झेंडा कितीला किती उचलतो ते पाठ करून घ्यावे. १० मीटर एअर रायफल बंद हॉलमध्ये होते, तिथे याची गरज नाही.

बॅटरी आणि पावसाळा?

रेंजफाइंडरला बहुधा सीआर-२ किंवा सीआर-१२३ लागते. ती किराणा दुकानात मिळत नाही, कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा आणि दोन जास्त घेऊन ठेवा. रिचार्ज होणारे सेल व्होल्टेज वेगळे देतात, यंत्राच्या पुस्तिकेत मुभा असेल तरच वापरा. बॅटरी संपत आली की आधी पल्ला घटतो, यंत्र बंद नंतर पडते.

खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळाभर पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. बॅटरी काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या गुलाबी किंवा हिरव्या झाल्या की वाळवून परत टाका. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. भिंगावरची लाल माती आधी फुंकणीने उडवायची, मग फडके.

एरवी वर्षभर हा मीटर पडूनच राहणार का?

फवारणीला वापरा. वारा ताशी ३ ते १५ किलोमीटर, म्हणजे साधारण १ ते ४ मीटर प्रति सेकंद असेल तेव्हा फवारावे. त्याहून जास्त वाऱ्यात औषध शेजारच्या तंबाखूवर जाते. अगदी पडलेल्या वाऱ्यातही धोका असतो: निरभ्र संध्याकाळी बारीक थेंब खाली न बसता तरंगत भलतीकडे जातात.

ही उपकरणे घेऊन फिरायला परवाना लागतो का? हद्द ओलांडताना?

उपकरणांना लागत नाही. बंदुकीला लागतो, आणि परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे लिहिलेले असते. बेळगावचा परवाना खिशात आहे म्हणून शिनोळी ओलांडून चंदगडला किंवा चोर्ला उतरून गोव्यात बंदूक नेता येईलच असे नाही. आधी ती ओळ वाचा. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवा, टोके चिकटपट्टीने झाकून. कॅन्टोन्मेंट आणि सांबऱ्याच्या विमानतळ परिसरात रेंजफाइंडर डोळ्याला लावून उभे राहू नका, आणि विमानाकडे तर तो कधीच रोखू नका.